उन्हाळ्यात दुपारी झोपलं तर काय होतं?
"दुपारी झोपू नकोस, आयुर्वेदात मनाई आहे" हे घरोघरी ऐकवतात, पण ते अर्धवट आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या २१व्या अध्यायात, ग्रीष्म सोडून बाकी ऋतूंत दिवसा झोपू नये असं सांगितलंय, आणि उन्हाळ्यात का चालतं याचं कारणही दिलंय, तेव्हा रात्री लहान असतात, शरीर कोरडं पडतं, वात साठतो. नागपूरला मे महिन्यात साडेपाचलाच उजाडतं आणि रात्री भिंती तापलेल्या, मग झोप पुरी होणार कधी? शेतात, साइटवर राबणाऱ्याला तर दुपारी आडवं होऊच द्या प्लीज. मात्र लठ्ठ, कफाचा त्रास असलेल्यांना चरक उन्हाळ्यातही नको म्हणतात. बाकीच्यांनी अर्ध्या तासाचा अलार्म लावा, तीनच्या आत उठा, नाहीतर रात्री डोळा लागत नाही.