डिस्प्ले येत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला, असं नाही

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप एका सकाळी सुरू झाला नाही की 'बोर्ड गेला, नवीन घ्या' हे निदान लगेच ऐकू येतं. पण जुन्या मशीनमध्ये आधी थकतात त्या वीज पुरवणाऱ्या, फिरणाऱ्या आणि तापणाऱ्या गोष्टी: एसएमपीएस (भिंतीची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारं युनिट), पंखे, हार्डडिस्क. प्रोसेसर आपण होऊन जळणं फार क्वचित घडतं. त्यामुळे तपासणी स्वस्त भागापासून सुरू करावी.

त्याहीआधी साफसफाई. सांगलीच्या मार्केट यार्डाच्या आसपासच्या पेढ्यांमध्ये, हळदीच्या गिरण्यांच्या शेजारी कॅबिनेट उघडलं की आत बारीक पिवळसर पूड दिसते. पावसाळ्याच्या दमट हवेत ती हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर घट्ट बसते. वीज काढून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ती काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

आता वीज. बटण दाबल्यावर काहीच हललं नाही, तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळं टोक काळ्या वायरवर आणि लाल टोक मदरबोर्डात घातलेल्या २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरवर टेकवा. प्लग लावलेला असताना, मशीन बंद असलं तरी इथे ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतात. शून्य आलं तर आधी भिंतीचा सॉकेट आणि पॉवर केबल तपासा, ती ठीक असेल तर बहुधा एसएमपीएस मेलेला आहे. जांभळीवर वीज असेल तर लाल टोक हिरव्या वायरवर न्या. एरवी तिथेही साधारण ५ व्होल्ट असतात आणि बटण दाबताच ते जवळपास शून्यावर यायला हवेत. आले आणि तरी पंखे फिरले नाहीत, तर दोष एसएमपीएसचा किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. आलेच नाहीत, तर बटण किंवा बोर्ड. बटणाची खात्री करायला त्याची वायर बोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. कित्येकदा दोष त्या दहा-वीस रुपयांच्या बटणातच सापडतो.

मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ हवेत. मात्र आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएसला निर्दोष सोडू नका. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे भाग) उष्णतेने हळूहळू सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि १२ व्होल्टच्या रेषेवर वेगवान चढउतार उरतात. मानकाप्रमाणे ते १२० मिलिव्होल्टच्या आत हवेत, पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याला ते दिसतच नाहीत. थंडीतल्या सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर सुरू होणारं आणि मग दिवसभर मुकाट चालणारं मशीन दिसलं की संशय याच कपॅसिटरवर घ्यावा: गार असताना त्यांचा रोध जास्त असतो, तापल्यावर कमी होतो. इथे सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे ओळखीचा, चालू एसएमपीएस लावून पाहणं. बिघडलेला मात्र स्वतः उघडू नये. २३० व्होल्टच्या वीजेपासून त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर मात्र नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी द्रव आलेला कपॅसिटर खराब समजावा. चांगला कारागीर तो बदलून देतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही जुन्या वाड्यांमधली नेहमीची तक्रार. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर धातूच्या डब्यावर निम्म्या व्होल्टेजची, म्हणजे ११५च्या आसपासची वीज आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, पण उपाय बोर्ड बदलणं नव्हे, अर्थिंग करून घेणं.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. मशीन बंद करून, प्लग काढून आधी प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा १२ व्होल्टचा जोड घट्ट आहे का बघा. मग हार्डडिस्क, डीव्हीडी, जास्तीचं कार्ड सगळं सोडवून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवा. बोर्डवर ग्राफिक्सची सोय नसेल तर तेवढं ग्राफिक्स कार्ड राहू द्या. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत दाबा. तरी डिस्प्ले नाही? मग बोर्डच्या स्पीकर पिनांना छोटा बझर लावा आणि सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बीप ऐकू आली तर प्रोसेसर, बोर्ड आणि वीज निदान एवढं बोलण्याइतकी जिवंत आहेत. काहीच आवाज आला नाही, तर दोष त्या तिघांपैकी एकात शोधायचा. रॅमची दुसरी कांडी आणायची असेल तर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जबरदस्तीने बसवू नये.

तारीख-वेळ रोज मागे जाते? बोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला.

मशीन सुरू होतं पण वीस मिनिटांनी बंद पडतं, तेव्हा उष्णता बघावी: प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट काढून तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नवी पेस्ट लावा, हीटसिंकच्या चारही खुंट्या बसल्या आहेत ना ते बघा. मध्येच निळी स्क्रीन येत असेल तर मेमटेस्ट ८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक आली, तर कांडी आणि स्लॉट आळीपाळीने बदलून पुन्हा चालवा; चूक कांडीमागे जाते की स्लॉटमध्ये राहते, तेच उत्तर.

मशीन नुसतं मंदावलं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये हार्डडिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहा. ०५ आणि सी५ या ओळींत शून्याहून जास्त आणि वाढता आकडा असेल, तर आजच डेटाची कॉपी काढा. फक्त सी७ वाढत असेल तर बहुधा डिस्क आणि बोर्ड जोडणारी साटा केबल बिघडली आहे, डिस्क बदलण्याची घाई नको.

कृष्णेच्या पुरात भिजलेल्या मशीनचं शास्त्र वेगळं. प्लग काढल्यावर आधी बोर्डवरचा सेल काढावा, कारण ओल्या तांब्याला गंजवायला तेवढी वीज पुरते. मग बोर्ड स्वच्छ पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत आठवडाभर वाळवावा. नेहमीच्या हार्डडिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आणि गाळ आत जातो. डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असल्याने एकदा चालवून पाहणंही डेटा खरवडून टाकू शकतं. अशी डिस्क न चालवता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी.