वजन वाढतंय, मग उंची का थांबली?

नाशिकची पंचवटी असो की सिडको, मुलांच्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा हमखास दिसतात. दोन वाढदिवसांच्या रेघा जवळजवळ एकावर एक आल्या आणि त्याच काळात मुलाचे गाल गोल, लालसर झाले, तर 'खात्यापित्या घरचं आहे' म्हणून सोडून देऊ नका. जास्त खाऊन लठ्ठ झालेली मुलं वयाच्या मानाने सहसा उंच असतात. वजन चढतं आणि उंची अडते, तेव्हा संशय जास्त झालेल्या कॉर्टिसॉलवर, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या स्टिरॉइड संप्रेरकावर (हार्मोनवर) जायला हवा.

आधी घरातलं कपाट बघा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं गजकर्णाचं मलम, दम्याच्या पुड्या... त्यांतलं स्टिरॉइड हेच सर्वांत जास्त वेळा कारण निघतं. मात्र ते एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल तर पीयूषिका म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, कॉर्टिसॉलवर ताबा ठेवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीचा विचार होतो.

तपासण्यांत गडबड होते ती २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजताना. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत (तीही धरून) प्रत्येक थेंब कॅनमध्ये. मूल शाळेत एकदा जरी लघवीला जाऊन आलं तरी हिशेब चुकला, म्हणून रविवारच धरा. दुसरी तपासणी: रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची १ मिग्रॅ गोळी (४० किलोच्या आतल्या मुलाला वजनानुसार कमी), सकाळी ८ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरलं नाही, तर पुढचा तपास. एमआरआयवर मात्र काही मिलिमीटरची गाठ दिसेलच असं नाही.

सगळ्याच गाठी कापायच्या नसतात. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) बनवणारी पिट्युटरीची गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळीनेच आटते. डोस आठवड्यातून एकदोनदा, सुरुवात ०.२५ मिग्रॅने, रात्री जेवणासोबत घेतली की मळमळ, चक्कर कमी. एक मात्र नक्की करा: त्याआधी थायरॉइड तपासा. थायरॉइड फार कमी असेल तर पिट्युटरी नुसती सुजते, एमआरआयवर गाठीसारखी दिसते आणि थायरॉक्सिनने (थायरॉइडच्या गोळीने) पुन्हा आपल्या आकाराला येते. अशा मुलाचं ऑपरेशन होता कामा नये.

कॉर्टिसॉल वाढवणाऱ्या गाठीला मात्र नाकावाटे शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय, आणि ती रोज हीच कामं करणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्यावी. त्यानंतर कॉर्टिसॉल तळाला गेलं, तर गाठ निघाली समजायचं. पण उरलेली ग्रंथी कित्येक महिने झोपलेली असते. तोवर कॉर्टिसॉलची जागा घेणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज, ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट. उलट्या झाल्या तर गोळी टिकत नाही, मूल काही तासांत कोसळू शकतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिक गाठेपर्यंत तेवढा वेळ नसतो. म्हणून डिस्चार्जआधीच आईवडिलांना मांडीत सुई टोचायला शिकवायचं, हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनची कुपी घरात ठेवायची: ३ ते १२ वर्षांच्या मुलाला ५० मिग्रॅ, त्यावरच्याला १००. आधी टोचायचं, मग गाडी काढायची.