गुरांच्या डॉक्टरने बनवलेलं हवेचं चाक

पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबतो आणि एका जागेवरून बारीक बुडबुडे वर यायला लागतात, ते बघताना मला दरवेळी जॉन बॉइड डनलॉप आठवतो. नाव टायरवर वाचलेलं असतं म्हणून हा कोणी मोठा इंजिनिअर असेल असं वाटतं, पण हा माणूस गुराढोरांचा डॉक्टर होता!

जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. एडिंबराला शिकून १९ व्या वर्षीच पशुवैद्य झाला, पुढे आयर्लंडला गेला आणि बेलफास्टमध्ये त्याची प्रॅक्टिस जोरात चालायला लागली, कारण तेव्हा रस्त्यावरची बहुतेक वाहतूक घोड्यांवर होती.

१८८७ साली त्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा, चाकांना भरीव रबर आणि रस्ते दगडी फरशांचे, त्यामुळे पोरगं नुसतं खडखडत जायचं. डनलॉपने पातळ रबराच्या शीटची नळी केली, लाकडाच्या गोल चकतीभोवती कापडाची पट्टी ठोकून बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी सायकलचं चाक सोडलं, ते थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक मात्र तेवढ्याच जोरात सोडलं तर पार दुसऱ्या टोकाला जाऊन फाटकाच्या खांबावर आपटून उलटं उडालं. मला तर हा सगळा प्रयोग फार आवडतो, कारण मोजायला काही यंत्र नाही, फक्त दोन चाकं आणि एक अंगण.

आता असं का होतं? कडक चाक दगडावर चढतं तेव्हा अख्खी गाडी वर उचलली जाते आणि मग आदळते, म्हणजे पुढे जायला लावलेली ताकद वर-खाली हलण्यात वाया जाते. हवेचं चाक दगडापुरतंच दबतं, आतली हवा स्प्रिंगसारखी दबून परत फुगते, आणि गाडी जवळपास त्याच उंचीवर पुढे जाते. म्हणून धक्के कमी बसतात आणि वेगही वाढतो. १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने असे टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या तेव्हा लोकांना ते पटलं.

पेटंट १८८८ ला मिळालं, पण टिकलं नाही. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्याच स्कॉटिश माणसाने हीच आयडिया १८४५ लाच पेटंट केली होती, फक्त तेव्हा रबर महाग आणि सायकली जवळपास नव्हत्याच. हे टायर बनवणारी कंपनी पुढे हार्वे द्यू क्रो या उद्योजकाने मोठी केली, डनलॉप काही वर्षांत बाहेर पडला आणि १९२१ ला डब्लिनमध्ये वारला. नाव जगभर झालं, पण त्यातून येणारा मोठा पैसा त्याच्या वाट्याला आलाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, आता ऊसतोडीला टायरगाडी असते. ओढायला ती हलकी जाते, पण हलकी जाते म्हणूनच उसाच्या मोळ्या वर वर रचत जातात, आणि चढाला बैलांचे गुडघे टेकायला येतात. हे चाक जनावरांच्या डॉक्टरने बनवलंय, निदान गाडी भरताना तरी बैलाच्या खांद्याकडे एकदा बघा ना.