लेकुरवाळ्या घरासाठी कुत्रा निवडताना

'घरात चार वर्षांचं मूल आहे, कोणत्या जातीचा कुत्रा आणू?' हा प्रश्न पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांना सतत विचारला जातो, आणि आसपासच्या लोकांकडे त्याची उत्तरं तयारच असतात. लॅब्रेडॉर आणा, मुलांवर जीव टाकतो. गोल्डन रिट्रीव्हर शांत असतो. अल्सेशियन नको, रागीट. पॉमेरेनियन एवढासा, म्हणजे धोका नाही. यातली काही मतं अर्धी खरी आहेत, काही चुकीची. चुकीच्या निवडीची झळ शेवटी मुलाला तरी बसते, नाहीतर वर्षभरात घराबाहेर काढल्या गेलेल्या कुत्र्याला. म्हणून विज्ञानाला जातीबद्दल नेमकं काय कळलं आहे, ते आधी पाहायला हवं.

या विषयावरचं एक मोठं संशोधन एप्रिल 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. अमेरिकेतल्या एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने 18,385 कुत्र्यांच्या स्वभावाची सविस्तर माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवली आणि त्यांपैकी 2,155 कुत्र्यांचा डीएनए तपासला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. या अभ्यासात मिश्र जातीचे कुत्रेही भरपूर होते, आणि ते फार मोलाचं ठरलं. शुद्ध जातीच्या कुत्र्याचा मालक आपल्या कुत्र्याकडे बरेचदा त्या जातीच्या ख्यातीतूनच पाहतो. मिश्र कुत्र्याच्या अंगात कोणाचं किती रक्त आहे हे मालकालाच ठाऊक नसतं, त्यामुळे त्याची उत्तरं जास्त निखळ असतात.

सगळेच गुण जातीपासून सारखे दूर नाहीत. माणसाच्या इशाऱ्याला कुत्रा किती तत्परतेने प्रतिसाद देतो, याचा जातीशी त्यातल्या त्यात बरा संबंध दिसला. पण भीती वाटली किंवा कोणी त्रास दिला तर कुत्रा किती चटकन बिथरतो, यावर जातीचा प्रभाव जवळजवळ दिसलाच नाही. आईवडिलांना खरी काळजी नेमकी याच गुणाची असते.

असं का, याचं उत्तर जातींच्या इतिहासात आहे. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षांपासून आहे, पण आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्यातल्या बहुतेक गेल्या दीड-दोनशे वर्षांत घडवल्या गेल्या. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा लंडनचा केनेल क्लब 1873 मध्ये स्थापन झाला, आणि त्या सुमारास प्रदर्शनांसाठी कानांची ठेवण, केसांचा रंग, डोक्याचा आकार यांवरून जोड्या लावायची पद्धत रूढ झाली. रंग किंवा केसांची लांबी मोजक्या जनुकांवर ठरते, म्हणून थोड्या पिढ्यांत ती पक्की करता येते. स्वभावात मात्र असंख्य जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो, आणि वाढवणाऱ्या हातांचाही.

तरीही जात बघूच नका, असं मी म्हणणार नाही. कुत्र्याचं शरीर, त्याची भूक, त्याची दमछाक, त्याचे संभाव्य आजार यांविषयी जात बरंच काही सांगते, आणि पूर्वजांनी जे काम केलं त्याच्या खुणाही वागण्यात उरतात. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली अंगणात पळणाऱ्या मुलांच्या टाचांना हलकेच तोंड लावून त्यांना एका कोपऱ्यात गोळा करू पाहतो. बीगल वासामागे धावणारा शिकारी. तो मुलांत रमतो, पण एकटा पडला की असा हेल काढतो की वरखालचे तिन्ही मजले जागे होतात. आपल्याकडचे कारवान आणि पश्मी हे सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर भागांत सशामागे वाऱ्यासारखे धावण्यासाठी जोपासलेले. अंगाने सडपातळ, नजर तीक्ष्ण, काटक, अनोळखी माणसाशी जरा अंतर ठेवून. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला असा कुत्रा शोभतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याला दिवसभर बांधून ठेवणं हा त्याचा छळच आहे.

हवामानाचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी होतो. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, लहालहा करून बाहेर टाकतो. अंगावर केसांचे दोन थर असलेला सायबेरियन हस्की विदर्भाच्या मे महिन्यात कसा जगेल, हे त्याला घेण्याआधी विचारायला नको का? पगची गोष्ट आणखी वाईट. त्याचं नाक माणसाने इतकं आखूड करून ठेवलं आहे की अनेक पगना साधा श्वास घेतानाही अडथळा येतो, आणि ज्या श्वासावर अंग थंड ठेवायचं तोच अपुरा पडतो. 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि शहराशहरांत पगची लाट उसळली. घराघरांत ऐकू येणारं त्यांचं घोरणं अनेकांना गोड वाटतं. ते बहुधा श्वसनमार्ग अरुंद असल्याचं लक्षण असतं. ज्याला मुलांबरोबर मैदानात धड धावताही येत नाही, असा कुत्रा मुलांसाठी म्हणून घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

आता लाडक्या लॅब्रेडॉरविषयी. केंब्रिज विद्यापीठाच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांचा खाण्याचा सोस अधिक असतो. म्हणजे ताट रिकामं झाल्यावरही आशाळभूतपणे बघणारा असा लॅब नाटक करत नसतो, त्याला खरंच भूक लागलेली असते. लहान मुलाच्या हातातलं बिस्कीट बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. घरातल्या प्रत्येकाने 'एकच तुकडा' दिला की काही महिन्यांत त्याची कंबर दिसेनाशी होते, मग सांधे दुखू लागतात. शिवाय तरुण लॅब तीस किलोचा दांडगोबा असतो. दीड वर्षाच्या मुलाला तो रागाने नाही, प्रेमाने पाडतो. मूल शाळेत जायला लागल्यावर लॅब आणणं म्हणूनच जास्त शहाणपणाचं.

लहान चणीचा कुत्रा निर्धोक, ही समजूतही टिकत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स सर्पेल यांच्या गटाने 2008 मध्ये मालकांच्या उत्तरांवरून जातींची तुलना केली, तेव्हा माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा हे लहान चणीचे कुत्रे वरच्या क्रमांकांवर होते. त्यांचा चावा खोल जात नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकंच. आकाराने बदलते ती मुख्यतः इजेची तीव्रता. म्हणून घरातला पहिलाच कुत्रा मोठा, राखणीचा घेऊ नये, हे मी मान्य करते. पण नुसत्या जातींच्या याद्यांनी प्रश्न सुटत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत टिकलं नाही.

मग स्वभाव ठरतो कुठे? बराचसा पहिल्या तीन महिन्यांत. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत काही पिल्लांना 14 आठवडे माणसाचा सहवास मिळूच दिला नाही. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातली ती पिल्लं नंतर माणसाला बिचकत राहिली, त्यांना माणसाळवणं अतिशय कठीण गेलं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याच्यासाठी जगाचा नेहमीचा भाग होऊन जातं. त्यात लहान मुलांचा आरडाओरडा, त्यांचं अडखळत चालणं, कुकरची शिट्टी, सणातले फटाके सगळं आलं. आपल्याकडच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण आईपाशी आणि भावंडांत ते पुष्कळ शिकतं. पण याचा अर्थ असा, की या काळाचा जवळपास अर्धा भाग ते तुमच्याकडे येण्याआधीच सरलेला असतो. तो कुठे सरला, हे बघायला स्वतः जा. पिल्लाची आई दाखवायला जो ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारा, टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. आई अनोळखी माणसाला पाहून अंग चोरते का, पिल्लं घरात माणसांत वाढली की मागच्या पिंजऱ्यात, हे कागदपत्रांपेक्षा जास्त बोलकं असतं.

आणखी एक वाट आहे, ती फार कमी लोक धरतात. दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा घेणं. त्याचा स्वभाव घडून गेलेला असतो, त्यामुळे अंदाजाऐवजी प्रत्यक्ष पाहून निर्णय घेता येतो. निवारा केंद्रातला गावठी कुत्रा इथल्या उन्हापावसाला पिढ्यानपिढ्या रुळलेला असतो. मुलाला घेऊन तिथे दोन-चार वेळा जा. मूल जवळ आल्यावर जो आपणहून, सैल अंगाने पुढे येतो, शेपटी रुंद हलवतो, तो निवडा. जो कोपऱ्यात थिजून उभा राहतो त्याच्यावरही दया येते, पण लहान मूल असलेलं घर त्याला सोसणार नाही.

पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत मुलांना झालेले बरेचसे चावे अनोळखी भटक्या कुत्र्याचे नव्हते. ओळखीच्या, अनेकदा घरच्याच कुत्र्याचे होते. झोपेत त्रास दिलेला, ताटलीजवळ हात घातलेला, गळामिठीत घट्ट धरलेला कुत्रा चावतो, आणि मूल बुटकं असल्यामुळे इजा चेहऱ्याला होते. कुत्रा त्याआधी सांगत असतो. ओठ चाटतो, भूक-झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या केर्स्टिन माइंट्स यांच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या अनेक मुलांनी दात विचकलेला कुत्रा आनंदी आहे असं सांगितलं. मुलाला हे वाचता येत नाही, म्हणून मोठ्या माणसाने खोलीत असायलाच हवं. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

चावलाच, किंवा नुसता ओरखडा निघाला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट बांधू नका. कुत्रा घरचा आणि लस टोचलेला असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी रेबीजच्या लसीच्या ज्या तारखा लिहून दिल्या त्यातली एकही चुकवू नका.