घशाला लागणारं तेल

सकाळी उपाशीपोटी छोटा पेलाभर ऑलिव्ह ऑइल प्यायचं, घसा जळला की समजायचं सांध्यांची सूज उतरायला लागली, असा सल्ला हल्ली फोनाफोनी फिरतो. ग्रीक लोक शंभरी गाठतात ते यामुळेच, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. दुसरीकडे, हौसेने महागाची बाटली घरी आणणारे पहिल्याच चमच्याला ठसका लागला की तेल जुनं आहे, नाहीतर भेसळीचं आहे असं म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. ठसका एकच. एक त्याला औषध समजतो, दुसरा खोट. दोघांचंही चुकतं, पण त्या चुकीच्या पोटात शरीरशास्त्राचा एक इतका सुरेख प्रकार दडलेला आहे की त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे तेल जिथे रोजच्या ताटात पडतं तिथे जाऊ. ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाला, पेलोपोनीजच्या मेसिनिया भागात कोरोनी नावाचं छोटं बंदर आहे. वर व्हेनिसच्या अमलातला किल्ला, खाली धक्का, आणि धक्क्याला लागून ताव्हेर्ना, म्हणजे तिथल्या घरगुती खाणावळी. वाऱ्याने उडू नये म्हणून टेबलावरच्या कागदाला चिमटे लावलेले असतात. त्यावर येतात ‘होर्ता’ म्हणतात त्या उकडलेल्या रानभाज्या, विस्तवावर भाजलेला मासा, ऑक्टोपसचे तुकडे, पाव आणि लिंबाची फोड. मसाला जवळजवळ नाहीच; मीठ, थोडा ओरेगानो, बस. तेलात शिजवलेल्या भाज्या तिथेही असतात, पण आपल्याला नवल वाटावं असा भाग वेगळाच आहे. आपल्याकडे पदार्थ तेलात होतो. तिथे बऱ्याचदा पदार्थ होऊन ताटात आल्यावर त्यावर कच्चं तेल पडतं, आणि तेही हात न आखडता. युनेस्कोने २०१० साली भूमध्य सागरी आहाराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ग्रीसतर्फे प्रातिनिधिक गाव म्हणून पुढे केलं गेलं ते हेच कोरोनी.

या परिसरातल्या ऑलिव्हच्या जातीला कोरोनेइकी म्हणतात. फळ जेमतेम ग्रॅमभराचं. पिझ्झावर दिसणारी मोठी जांभळी कालामाता ऑलिव्हंही याच जिल्ह्याची, पण ती मुरवून खायची. तेलासाठी ही बारकी. फिनॉल गटातली रसायनं कोरोनेइकीत भरपूर असतात, आणि नोव्हेंबरच्या आसपास, फळ अजून हिरवट असताना काढलेलं तेल चांगलंच झोंबतं. गंमत म्हणजे ते जिभेला झोंबत नाही. ओठाला नाही, टाळूला नाही. तेल गिळल्यावर काही सेकंद जातात, आणि मग घशाच्या मागच्या भागात एकदम तिखटजाळ उठतो. खोकला येतो. तेल चाखण्याचं काम करणारे लोक निळ्या काचेच्या पेल्यात, रंग दिसू नये अशी सोय करून, सुमारे २८ अंशांपर्यंत कोमट केलेलं तेल घेतात, आणि त्यांच्या गुणपत्रिकेत हा झोंबरेपणा चांगल्या गुणांच्या रकान्यात लिहिला जातो. फळाचा स्वाद, कडवटपणा आणि झोंबरेपणा हे तिन्ही गुण. खवटपणा हा दोष.

पण फक्त घशातच का? १९९९ साली सिसिलीतल्या एरिचे या डोंगरी गावात खाद्यपदार्थांच्या विज्ञानावर एक परिषद भरली होती. गॅरी ब्यूशँप तिथे गेले होते. ते फिलाडेल्फियाच्या मॉनेल संस्थेचे, म्हणजे चव आणि वास यांवरच आयुष्य काढलेले शास्त्रज्ञ. तिथे ताजं काढलेलं तेल चाखायला दिलं गेलं, आणि घशात जळजळ उठताच ती त्यांना ओळखीची वाटली. पातळ औषधातल्या आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या चवीवर त्यांनी आधी काम केलं होतं. गोळीला वेष्टण असतं म्हणून आपल्याला हे कधी जाणवत नाही, पण विरघळलेलं आयबुप्रोफेन नेमकं तिथेच, घशाच्या मागे, आणि तसंच जळतं. जळण्याची जागा सारखी, तर काम सारखं असेल का, असा त्यांचा तर्क होता. तेलातलं ओलिओकँथल नावाचं रसायन याला जबाबदार आहे हे दाखवण्यासाठी त्यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत बनवून तपासलं आणि २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष छापले. घसा जाळणारं रसायन हेच होतं. आणि हो, सूज आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या कॉक्स-१ आणि कॉक्स-२ या विकरांना (एन्झाइमांना) ते आयबुप्रोफेनसारखंच रोखत होतं.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. माझा जीव अडकतो तो पुढच्या भागात.

पहिली गोष्ट म्हणजे ओलिओकँथल झाडावरच्या फळात जवळजवळ नसतंच. हे समजायला कैरीच्या लोणच्याची फेसलेली मोहरी आठवा. मोहरीचा अख्खा दाणा चावल्याशिवाय काही करत नाही. फोडणीत तडतडलेली मोहरीही नाकात जात नाही. पण तीच मोहरी पाण्याबरोबर फेसली की नाकातून पाणी काढते. कारण दाण्यात सिनिग्रिन हा रेणू एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. कप्पे फुटले, पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतं. फोडणीच्या उष्णतेत विकरच निकामी होतं, म्हणून तिथे झणका नाही. ऑलिव्हच्या घाण्यात हेच घडतं. फळ बियांसकट चिरडतात आणि तो लगदा अर्धा-पाऊण तास सावकाश घुसळत ठेवतात. फळात लिगस्ट्रोसाइड नावाचा रेणू असतो, त्याला ग्लुकोज जोडलेलं. लगदा होताच बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर ते ग्लुकोज तोडतं, मग दुसरं एक विकर त्यातला मिथाइल एस्टरचा तुकडा काढतं, उरलेल्या रेणूचं कडं उघडतं आणि दोन अल्डिहाइड गट बाहेर डोकावणारा नवा रेणू उरतो. तेच ओलिओकँथल. ते तेलात उतरतं. युरोपात बाटलीवर ‘कोल्ड’ लिहायचं असेल तर हा सगळा खेळ २७ अंशांच्या आत व्हावा लागतो. लगदा जास्त तापवला तर तेल अधिक निघतं, पण सुगंध उडून जातो.

दुसरी गोष्ट ग्राहींची, म्हणजे बाहेरचं रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांची. तिखट ही चव नाही हे शाळेत शिकलेलं असतं. ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंच्या टोकावरच्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला उघडतं. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या पटलातलं एक दार. ते उघडलं की कॅल्शिअमचे आयन आत घुसतात, चेतापेशी पेटते आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो, कारण एरवी हेच दार सुमारे ४३ अंशांच्या वर उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. हा ग्राही तोंडभर पसरलेला आहे, म्हणून मिरची ओठापासून घशापर्यंत सगळीकडे लागते.

ओलिओकँथल या ग्राहीला हातही लावत नाही. ते उघडतं टीआरपीए-१ हे दुसरं दार, ज्याला मोहरी आणि लसूणही उघडतात. २०११ मध्ये मॉनेलच्याच गटाने तीन बाजूंनी हे तपासलं. मानवी टीआरपीए-१ बसवलेल्या पेशींवर ओलिओकँथल टाकलं, पेशी पेटल्या. टीआरपीए-१ निकामी असलेल्या उंदरांवर टाकलं, त्यांच्या चेतापेशी ढिम्म. मग माणसाच्या तोंडातल्या आणि नाकातल्या ऊतींचे नमुने रंगवून हे प्रथिन कुठे आहे ते पाहिलं. तोंडाच्या पोकळीत ते सापडलं ते घशात. तेल जिथे जळतं तिथेच. एक रेणू, त्याचा एकच ग्राही, आणि तोंडात त्या ग्राहीची एकच जागा! मोहरीचं रसायन हवेत उडतं आणि नाकातल्या टीआरपीए-१ पर्यंत पोहोचतं. ओलिओकँथल उडत नाही, तेलातून खाली उतरतं, म्हणून नाक वाचतं आणि घसा सापडतो.

इथे आणखी एक पेच आहे. मोहरीचा रेणू टीआरपीए-१ च्या आतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला रासायनिक बंधाने चिकटून दार उघडतो. ओलिओकँथलच्या अंगावरही दोन अल्डिहाइड गट आहेत, चिकटायला तयार. त्यामुळे तेही तसंच करत असेल असं कुणालाही वाटेल. प्रयोगात ते त्या वाटेने जात नाही असं दिसलं. आयबुप्रोफेनही याच टीआरपीए-१ ला चेतवतं, हेही त्याच प्रयोगांत दिसलं.

आता फोनवरच्या सल्ल्याकडे. घसा जळतो तो टीआरपीए-१ मुळे आणि सूज कमी होते ती कॉक्स रोखल्यामुळे. ही दोन वेगवेगळी कामं आहेत. एकाच रेणूला दोन्ही जमतात इतकंच. घसा जळला म्हणून गुडघ्यात औषध पोहोचलं असा अर्थ काढणं म्हणजे फेसलेल्या मोहरीने नाक सुटलं म्हणून सर्दी बरी झाली म्हणण्यासारखं. शिवाय मात्रेचा हिशेब बघा. २००५ च्या त्या निबंधातच म्हटलं आहे की दिवसाला ५० ग्रॅम असं तेल पोटात गेलं तर वेदनाशामक आयबुप्रोफेनच्या प्रौढ मात्रेच्या साधारण १० टक्के परिणाम मिळेल. पूर्ण मात्रेसाठी अर्धा किलो तेल, म्हणजे ४५०० कॅलरी. त्यापेक्षा गोळी स्वस्त आणि सडपातळ. रोजच्या थोड्या मात्रेचा दीर्घकाळात उपयोग होईल, हा अंदाज रास्त आहे, पण अंदाजच. युरोपीय संघ फिनॉलयुक्त तेलाच्या बाटलीवर या फिनॉलांविषयी जो दावा छापू देतो तो रक्तातल्या मेदांचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण होण्याबद्दलचा आहे, आणि त्यालाही २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम ठरावीक फिनॉलांची अट आहे. सांधे, डोकेदुखी यांचं त्यात नावही नाही.

मग ग्रीक लोकांच्या आयुष्याचं काय? १९५८ मध्ये अँसेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरचे पुरुष एकूण ऊर्जेच्या सुमारे ४० टक्के मेदातून, मुख्यतः ऑलिव्ह तेलातून घेत होते आणि तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू फार कमी होते. पण ते शेतात राबणारे लोक होते, मांस क्वचित खाणारे, आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे लांबलचक उपवास पाळणारे. (त्या उपवासांत मासाही बहुतेक दिवस चालत नाही, ऑक्टोपस मात्र चालतो, कारण म्हणे त्याला रक्त नाही. रक्त आहे, निळं आहे, त्यात लोहाऐवजी तांबं असतं. पण उपवासाच्या पळवाटा शोधण्यात आपण साबुदाणेवाले कुणाला बोलणार!) स्पेनमधल्या ७४४७ जणांच्या प्रेडिमेड चाचणीत भूमध्य सागरी आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले, २०१३ चा तो निबंध गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, तरी निष्कर्ष बहुतांशी टिकला. तिथेही पूर्ण आहाराचा प्रश्न होता, पेल्याचा नव्हे. शंभरी गाठणाऱ्या बेटांच्या कथांबद्दल बोलायचं तर सॉल न्यूमन या संशोधकाला २०२४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं ते अशा ठिकाणांत जन्म-मृत्यूच्या नोंदीच ढिसाळ असतात हे दाखवल्याबद्दल.

राहता राहिली बाटली. आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळत आलेलं मालिशचं, ‘लाइट’ किंवा ‘पोमेस’ तेल बहुतांशी रिफाइन केलेलं असतं. त्यात फिनॉल धुऊन निघतात, म्हणून ते मुकाट घशाखाली उतरतं. त्याची सवय झालेल्याला चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेलं, तेल संशयास्पद वाटणारच. खवटपणा ओळखायचा तो नाकाने: जुन्या शेंगदाण्यांचा किंवा मेणाच्या खडूंचा वास आला तर तेल गेलं. फ्रिजमध्ये गोठलं तर अस्सल, ही परीक्षा निरर्थक आहे. गोठणं तेलातल्या मेदाम्लांवर आणि मेणावर अवलंबून असतं, अस्सलपणावर नाही. ग्रीसमध्ये २०१८ पासून ताव्हेर्नाच्या टेबलावर पुन्हा भरता येणारी तेलाची बाटली ठेवायला बंदी आहे, सीलबंदच द्यावी लागते. घरी गडद काचेची छोटी बाटली घ्यावी, शेगडीपासून लांब ठेवावी आणि उघडल्यावर महिना-दोन महिन्यांत संपवावी. प्रकाश, उष्णता आणि हवा या तिघांमुळे ओलिओकँथलचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं, आणि ठसका कमी कमी होत जातो.