बदलापूर: डोंगराच्या पायथ्याचं परवडणारं घर आलं कुठून?

बदलापूरच्या कुठल्याही नव्या इमारतीचं जाहिरातपत्रक उघडा, पहिल्याच पानावर डोंगर दिसतो. चंदेरीचा कातळ, शेजारी टावळी, पावसाळ्यातली हिरवाई आणि बाल्कनीत चहाचा कप. घराची किंमत शेवटच्या पानावर असते आणि ठाणे-मुलुंडच्या मानाने ती खरोखरच कमी असते. वाचणाऱ्याची समजूत अशी होते, की मुंबईजवळ निसर्ग आहे आणि तो स्वस्तात मिळतोय. प्रत्यक्षात इथलं घर स्वस्त असण्याशी डोंगराचा संबंध फार थोडा. ही स्वस्ताई रेल्वेच्या रुळांतून, भाड्याच्या कायद्यातून आणि गिरणगावाच्या पडझडीतून आली आहे. डोंगर विक्रीला निघाला तो अगदी अलीकडे.

सुरुवात रेल्वेपासूनच करावी लागते. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. कल्याणपाशी मार्गाला दोन फाटे फुटले, एक थळ घाटाकडे आणि दुसरा बोरघाटाकडे. बोरघाटाची वाट उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाते, कारण घाटाच्या तोंडापर्यंत सपाट जमीन तिथंच आहे. 1856 मध्ये ही लाइन पळसदरीपर्यंत पोचली. घाट मात्र 1863 पर्यंत पूर्ण झाला नव्हता. तोवर पुण्याला जाणारे प्रवासी खाली उतरून पालखीत किंवा पायी घाट चढत आणि वर पुन्हा गाडी पकडत. या सगळ्यात बदलापूर हे वाटेवरचं एक स्टेशन होतं, एवढंच. मुंबईहून 68 किलोमीटर.

त्याच डोंगररांगेचा माथा तेव्हाच महाग झाला होता, हे लक्षात घ्यायला हवं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानला चढून गेले आणि पाठोपाठ इंग्रज अधिकारी, पारशी, बोहरी व्यापारी यांचे बंगले उभे राहिले. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडीही वर जाऊ लागली. हवा, सावली, दृश्य यांसाठी लोक पैसे मोजत होते, पण ते डोंगरावर. पायथ्याला भातखाचरं, वीटभट्ट्या, आंबा-जांभळाच्या वाड्या, आगरी-कुणब्यांची गावं आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यापाडे. डोंगर तिथूनही दिसायचा. त्यासाठी कुणी पैसे दिल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या खोऱ्यात शहर शिरू लागलं, तेही कल्याणच्या बाजूनं. कल्याणजवळ लष्करी छावण्या पडल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना जागा मिळाली आणि 1949 मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पुढचं अंबरनाथ, जिथं शिलाहारांच्या काळातलं 1060 सालचं शिवमंदिर आहे, ते काडेपेटीचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांमुळे कामगारांचं गाव बनलं. बदलापूर या रांगेत शेवटी उभं होतं. औद्योगिक वसाहत इथंही आली, रसायनांचे कारखाने आले, पण शहराचा लोंढा येण्यासाठी मुंबईत काही घडावं लागलं.

ते 1947 मध्येच घडून गेलं होतं. मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार म्हणून हे ठीक होतं, पण तात्पुरता म्हणवलेला कायदा अर्धशतक टिकला. त्याचा परिणाम सावकाश आणि खोलवर झाला. भाड्यानं देण्यासाठी चाळ बांधणं तोट्याचं ठरलं, म्हणून नव्या चाळी बांधणं थांबलं. जुन्या चाळींतल्या खोल्या पागडीवर, म्हणजे भाड्याचा हक्क एकरकमी पैशांत देऊन-घेऊन, फिरू लागल्या. घरमालक डागडुजी करेनात. कारकुनाच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलाचं लग्न झालं, की त्याला वेगळी खोली भाड्यानं मिळण्याची शक्यता जवळजवळ संपली. उरला एकच मार्ग, मालकीचं घर. 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा, म्हणजे मोफा, यांनी त्याला चौकट दिली. 1977 मध्ये घरकर्ज देणारी एचडीएफसी सुरू झाली आणि पगारदार माणसाला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यावर घर घेता येऊ लागलं.

माझ्या मते परवडणाऱ्या उपनगरांच्या चर्चेत भाडेनियंत्रणाचा कायदा फार कमी वेळा येतो. भाड्याची घरं बांधली जात राहिली असती, तर इतकी कुटुंबं वयाच्या तिशीत कर्ज काढून साठ-सत्तर किलोमीटर लांब गेली असती का, याबद्दल मला शंका आहे.

ज्यांना विकत घेणं भाग होतं, ते परवडेल तितके रेल्वेच्या रुळांवरून पुढे सरकत गेले. गिरगाव, दादर, लालबाग-परळ इथली मराठी कुटुंबं आधी डोंबिवलीला गेली. डोंबिवली भरली, महागली, मग नंबर लागला बदलापूरचा. मध्ये 18 जानेवारी 1982 चा संप होऊन गेला होता. अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार त्यात उतरले आणि त्यातले कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. चाळीतली खोली विकून किंवा पागडीचा हिस्सा घेऊन त्या पैशात कुठं डोकं टेकवता येईल, याचा हिशेब तेव्हा घराघरात झाला. उत्तरं ठरलेली होती: पश्चिम रेल्वेवर नालासोपारा-विरार, मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे.

कल्याणच्या पुढेच स्वस्त का, याचं उत्तर रुळांच्या संख्येत आहे. मुंबई ते कल्याण निदान चार मार्गिका आहेत. कल्याणला फाटा फुटला, की कर्जतच्या बाजूला अप आणि डाऊन अशा दोनच उरतात. त्याच दोन रुळांवर लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. त्यामुळे बदलापूरच्या लोकल वाढवायच्या म्हटल्या तरी एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत. एक गाडी चुकली तर पुढची लगेच येत नाही आणि आली तरी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. अंबरनाथचे प्रवासी उलट्या दिशेनं बदलापूरला येऊन बसून जातात, त्यावरून सकाळी कुरबुरी होतात, त्या याच टंचाईच्या. बदलापूरकर घरासाठी कमी पैसे देतो आणि उरलेली किंमत रोज दोन वेळा वेळेनं आणि अंगानं चुकवतो. बिल्डरनं ठरवलेल्या दरात हे आधीच वजा झालेलं असतं.

कारभाराचीही एक कथा आहे, थोडक्यात सांगतो. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होते. 1992 मध्ये दोन्ही बाहेर पडले आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका आली. महापालिकेच्या मानाने कर कमी, परवानग्या सोप्या, पण रस्ते, गटारं, दवाखाने यांसाठी तिजोरीही लहान. घरं मात्र थांबली नाहीत. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं गाव 2011 मध्ये 1,74,226 वर पोचलं. त्यानंतरची जनगणना झालेली नसल्यानं आजचा आकडा ज्याच्या त्याच्या अंदाजावर आहे. स्टेशनात सकाळी साडेसातला उभं राहिलं, तर अंदाज पुरतो.

आता नदी. उल्हास लोणावळ्याजवळ उगम पावून कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. पावसाळी डोंगरी नदी उन्हाळ्यात आटायला हवी, पण ही आटत नाही. त्याचं श्रेय घाटावरच्या पाण्याला जातं. मावळातल्या आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात खाली सोडलं जातं. हे केंद्र 1922 पासूनचं. वीज तयार करून झाली, की ते पाणी उल्हासमध्ये येतं. बदलापूरच्या बॅरेजवरून, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावरून, जीवन प्राधिकरण ते उचलतं आणि पुढे कल्याणपर्यंतच्या शहरांच्या योजनाही याच प्रवाहावर उभ्या आहेत. म्हणजे मे महिन्यात इथल्या नळाला येणारं पाणी बरंचसं घाटमाथ्यावरचं असतं. जवळच बारवी धरण आहे, एमआयडीसीचं. त्याचं पाणी मुख्यतः कारखान्यांना आणि शेजारच्या महापालिकांना जातं. धरणासाठी आणि नंतर त्याची उंची वाढवण्यासाठी आदिवासी पाडे हलवले गेले, त्यांच्या वारसांना पालिकांत नोकऱ्या देण्यापर्यंत तो प्रश्न रेंगाळत राहिला. डोंगरकुशीतल्या घराच्या जाहिरातीत हे पाडे नसतात.

नदीच्या बाजूची वस्ती म्हणजे बदलापूर पश्चिम. होकायंत्र घेतलं तर हा भाग ईशान्येला येतो आणि चंदेरी-कोंडेश्वरची बाजू, जिला पूर्व म्हणतात, ती नैर्ऋत्येला. कर्जतची लाइन कल्याणनंतर आग्नेयेकडे वळते, पाट्या मात्र मुंबईच्या हिशेबानं लागल्या. नवीन माणसाला सूर्य पश्चिमेला उगवताना दिसतो, त्याची इथं सवय होते.

या पश्चिमेला सपाट जमीन भरपूर होती, म्हणून इमारती तिथं झपाट्यानं उभ्या राहिल्या. जमीन सपाट होती ती नदीनं केलेली. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण सगळ्यांना आहे. त्याच दिवसांत उल्हासनं बदलापूर पश्चिमेत तळमजले बुडवले, ते मुंबईच्या बातम्यांत मागे पडलं. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा देशानं या खोऱ्याकडे पाहिलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. माथेरान-चंदेरीच्या कड्यांवर ढग अडतात, पाऊस मुंबईपेक्षा जोरात पडतो आणि ते सगळं पाणी काही तासांत खाली येतं. जाहिरातीतला डोंगर आणि पार्किंगमधलं पाणी यांचा संबंध इतका सरळ आहे. उन्हाळ्यातही हेच: समुद्राचा वारा इथवर येईतो दुपार टळते आणि मुंबईपेक्षा काही अंश जास्त ताप सोसावा लागतो. थंडी मात्र खरी पडते, हे बदलापूरकर आवर्जून सांगतात आणि त्यात खोटं काही नाही.

जांभळाच्या वाड्या बऱ्याच गेल्या. उरलेल्यांच्या जोरावर बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेच्या जमिनीला बिल्डर जो भाव देतो तो जांभूळ देऊ शकत नाही. डोंगराच्या बाजूला थोडा अटकाव आहे: माथेरान आणि भोवतालचा पट्टा 2003 मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. म्हणून वस्ती त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबते आणि त्या कडेच्याच इमारतींना दृश्यासाठी जादा दर लागतो.

आता स्वस्ताईचं मूळ कारणच हलू लागलं आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला 2019 मध्ये मंजुरी मिळाली. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन येतंय. बडोद्याहून येणारा द्रुतगती मार्ग बदलापूरजवळून माथेरानच्या डोंगराखालच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यातून पनवेलकडे निघतो, म्हणजे नवी मुंबई आणि तिथला विमानतळ एकदम जवळ येतात. कांजुरमार्ग-बदलापूर मेट्रोचा आराखडाही आहे. यातलं निम्मं कागदावर असतानाच दर वाढले.

म्हणून परवडणारं घर पुन्हा दोन स्टेशनं पुढे सरकलंय, वांगणी आणि शेलूला. गिरणीकामगारांच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले होते, मुंबईत सोडतीनं घरं मिळाली ती त्यातल्या थोड्यांनाच. उरलेल्यांसाठी सरकारनं हीच दोन ठिकाणं पुढे केली. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि मागणी केली की घर मुंबईतच हवं, गिरण्यांच्या जमिनीवर. शेलू-वांगणीच्या घरांमागेही डोंगर आहे, पण तो त्यांनी मागितला नव्हता.