एका किलोची चढण

जून १९९९, कारगिल युद्ध. द्रासजवळच्या टोलोलिंग शिखरावर चढाई करणाऱ्या भारतीय जवानांपुढे पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, भरतानाच एक हिशेब होता. खाणं किती घ्यायचं आणि गोळ्या किती? त्यांच्या इन्सास रायफलीची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची, म्हणजे शंभर गोळ्यांचे सव्वा किलो. तेवढा शिधा कमी केला, की शंभर गोळ्या जास्त नेता येतात. पोट एखादा दिवस कळ काढतं. रायफलीचं रिकामं मॅगझिन कळ काढत नाही.

त्यात रायफलच चार किलोंहून जड. हातगोळे, पाणी, हेल्मेट, दोर, गरम कपडे धरले तर ओझं २५ किलोंवर सहज जातं.

आता गंमत पाहा. २५ किलो वजन हजार मीटर वर चढवायला सुमारे २४५ किलोज्यूल काम करावं लागतं. स्नायू अन्नातली जेमतेम पाव ऊर्जाच कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. तरी खर्च २३५ किलोकॅलरींच्या आसपासच. दोन-अडीच चपात्या! मग पावलापावलाला धाप का लागते? कारण ऊर्जा एकूण किती लागते यापेक्षा ती दर मिनिटाला किती मिळते, यावर सगळं अडतं. साधारण ४,६०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो आणि शरीराची कमाल क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घसरते. म्हणून ओझं वाढलं की वेग उतरतो. टोलोलिंगच्या उघड्या उतारावर आडोसा नव्हता, माथ्यावर शत्रूचे बंकर होते. उजाडायच्या आत वर पोचणं भाग होतं. तिथे प्रत्येक किलोची किंमत मिनिटांत मोजावी लागत होती.

वजन कुठे आहे यानेही फरक पडतो. बुटातला एक किलो पाठीवरच्या जवळजवळ पाच किलोंइतका दमवतो, कारण प्रत्येक पावलाला तो उचलायचा, पुढे न्यायचा आणि थांबवायचा. पण हिमदंशात बोटं गमावण्यापेक्षा जड बूट परवडतात.

सगळ्यांत हलक्या वस्तूंपैकी एक म्हणजे जखमेवर बांधायच्या पट्टीचं पुडकं, फील्ड ड्रेसिंग. ते ज्याचं त्याच्यासाठीच असतं. साथीदार जखमी झाला तर त्याच्याच खिशातलं काढून त्याला बांधायचं, स्वतःचं राखून ठेवायचं. म्हणून ते सगळ्यांच्या एकाच ठरलेल्या खिशात असतं. काळोखात, बोटं बधिर झालेली असतानाही दुसऱ्याचा हात नेमका तिथेच जातो.